तीनपैकी दोनच हाती लागतात

ताई,

मी सव्वीस वर्षांचा आहे. एकटा राहतो, स्वतःपुरतं स्वतः रांधतो. एक शेगडी, एक कढई, एक कुकर आणि गुडघ्याएवढा फ्रीज एवढा संसार. कामावरून यायला रात्रीचे आठ होतात. महिन्याचा पहिला आठवडा मी शहाण्यासारखा खातो : दूरदेशीची फळं, निरनिराळ्या बियांची पाकिटं, प्रोटीन पावडर. दुसऱ्या आठवड्यात खिशाचा अंदाज येतो, मग उकडलेल्या भाज्या सुरू होतात, बिनतेलाच्या आणि जवळजवळ अळणी, कारण तब्येत सांभाळायची असते. तिसऱ्या आठवड्यात त्या घशाखाली उतरेनाशा होतात आणि मी बाहेरून काहीतरी तळलेलं मागवतो. चौथा आठवडा नूडल्सच्या पाकिटांवर निघतो. मागच्या रविवारी जिद्दीने सात डबे रांधून ठेवले. सगळे एकाच चवीचे. गुरुवारी त्यातले तीन फेकले. स्वस्त घ्यावं तर पौष्टिक नसतं, पौष्टिक घ्यावं तर चव नसते, चविष्ट घ्यावं तर खिसा रिकामा. तिन्ही गुण असलेलं अन्न कुठे मिळतं, एवढंच सांगा.

– तीनपैकी दोनवाला

तीनपैकी दोनवाल्या,

तू मला ताई म्हटलंस, तेव्हा मी तुला अरे-तुरे करणार. पत्र वाचून आधी हसले आणि मग ओशाळले, कारण ते सात डबे मीही एकदा भरले होते. माझे राजम्याचे होते. चौथ्या दिवशी फ्रीजचं दार उघडायचं जिवावर आलं, पाचव्या दिवशी मी दूध बाहेर ठेवायला लागले, म्हणजे दार उघडायला नको. दूध नासलं. राजमाही गेला. त्यामुळे तुझे तीन डबे मला फार दोषाचे वाटत नाहीत.

आता तुझा प्रश्न. तिन्ही गुण असलेलं अन्न कुठे मिळतं? दुकानात मिळत नाही. दुकानात स्वस्त आणि पौष्टिक अशी जोडी भरपूर मिळते, अगदी पोत्यांनी मिळते. तिसरा गुण शेगडीवर तयार होतो. तू मात्र तो तिसरा गुणही तयार विकत घ्यायला निघतोस, आणि तयार चवीची किंमत प्रत्येक दुकानदार जबर लावतो. तुझा पहिला आठवडा महाग पडतो तो यामुळे, आणि तिसराही यामुळेच. मधल्या आठवड्यात तू बरोबर वस्तू आणतोस आणि त्यांची चव काढायचं तेवढं राहून जातं.

चवीला बाजूला सारून फक्त स्वस्त आणि पौष्टिक एवढंच पाहिलं तर काय होतं, हे फार हुशार लोकांनी करून पाहिलं आहे. जॉर्ज स्टिग्लर नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९४५ मध्ये एक गणित मांडलं. सुमारे ७० किलो वजनाच्या माणसाला लागणारे ९ पोषक घटक, बाजारातले ७७ खाद्यपदार्थ. कमीत कमी पैशांत वर्ष कसं काढायचं? सोडवून सोडवून त्याच्या यादीत पाचच वस्तू उरल्या : गव्हाचं पीठ, डब्यातलं आटवलेलं दूध, कोबी, पालक आणि वाळलेला पांढरा घेवडा. रोजचा हिशेब काढला तर सुमारे ४६० ग्रॅम पीठ आणि ३५० ग्रॅम कोरडा घेवडा. कोरडा, म्हणजे शिजल्यावर जवळजवळ पाऊण-एक किलो. रोज, वर्षभर. हा आहार कुणी कुणाला सुचवत नाही, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं होतं.

पुढची गंमत याहून मोठी आहे. अशी गणितं सोडवायची पद्धत जॉर्ज डँट्झिग या गणितज्ञाने १९४७ मध्ये शोधून काढली. काही वर्षांनी त्याला स्वतःचं वजन कमी करायचं होतं, तेव्हा त्याने आपला आहार संगणकालाच ठरवायला दिला. संगणकाने ५०० गॅलन व्हिनेगर प्यायला सांगितलं. व्हिनेगर यादीतून काढलं, तर दिवसाला सूपच्या २०० वड्या सांगितल्या. आकडेमोडीत चूक नव्हती. यंत्राला जीभ नव्हती एवढंच. तुझ्या दुसऱ्या आठवड्यातल्या उकडलेल्या भाज्या मला त्या संगणकाच्या वाटतात.

तेव्हा आधी खरेदीचं पटकन आटपते आणि मग शेगडीकडे येते, कारण तुझं खरं दुखणं तिथे आहे.

प्रोटीन पावडरपासून सुरुवात करू. जागतिक आरोग्य संघटनेने निरोगी प्रौढ माणसासाठी धरलेलं प्रमाण आहे वजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं. ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. १०० ग्रॅम कोरड्या मसुरात साधारण २४ ग्रॅम असतात, हरभऱ्यात २०, शेंगदाण्यात २५, सोयाबीनमध्ये ३६ च्या आसपास. एका अंड्यात ६. दिवसाला १०० ग्रॅम मसूर आणि ३०० ग्रॅम गव्हाचं पीठ पोटात गेलं की पन्नाशी पार झाली, आणि अजून दूध, दही, अंडं यांची गणतीही केलेली नाही. तू भारी व्यायाम करत असशील तर आकडा वाढेल, पण पत्रात तू जिन्याचाही उल्लेख केलेला नाहीस.

डाळींतली प्रथिनं अपुरी असतात असं कुणीतरी तुला सांगेलच. त्यात तथ्य एवढंच, की धान्यात लायसिन नावाचं एक अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात त्यांतला एक घटक, कमी असतं आणि कडधान्यात मेथिओनिन नावाचं दुसरं कमी असतं. दोन्ही खाल्ली की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. तेही एकाच ताटात पाहिजे असं नाही, दिवसभरात दोन्ही पोटात गेली तरी चालतं.

दुकानात उभं राहून करायचा हिशेब सोपा आहे. पाकिटावर १०० ग्रॅममागे किती प्रथिनं ते छापलेलं असतं. पाकिटाच्या वजनावरून एकूण ग्रॅम काढ आणि किमतीला त्याने भाग. एका ग्रॅमला किती पडलं ते दिसेल. बियांची पाकिटं आणि सुटे शेंगदाणे यांचा हा हिशेब एकदा शेजारी शेजारी करून बघ, पुढचं मी बोलायची गरज उरणार नाही. फक्त दोन ठिकाणी फसू नकोस. डब्यातल्या शिजवलेल्या कडधान्यात पाण्याचंही वजन असतं. निथळलेलं वजन वेगळं छापलेलं असतं, ते धर. आणि ज्याचं साल फेकायचं त्याचं साल वजा कर. किलोभर मटारच्या शेंगांतून जेमतेम ४०० ग्रॅम दाणे निघतात, केळ्याचा तिसरा हिस्सा साल असतं. म्हणून गोठवलेले मटार महाग दिसतात आणि पुष्कळदा स्वस्त पडतात. त्यात पोषण राहत नाही हा समजही सोडून दे. भाजी तोडल्यावर लवकरच गरम पाण्यातून काढून गोठवतात, त्यामुळे दुकानात चार दिवस मलूल होत पडलेल्या ताज्या भाजीपेक्षा ती बहुतेक वेळा उणी नसते.

भाज्या आणि फळं मिळून दिवसाला निदान ४०० ग्रॅम असावीत, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. बटाटा आणि इतर पिठूळ कंद यात धरत नाहीत, तेव्हा हुशारी करू नकोस. कोबी, गाजर, कांदा, भोपळा ही टिकणारी मंडळी. आठवड्याची एकदम आण. पालेभाजी मात्र दोन दिवसांपुरतीच. फेकलेली जुडी ही सगळ्यात महाग भाजी असते, मग ती कितीही स्वस्तात घेतलेली असो. दूरदेशीच्या फळांबद्दल एवढंच म्हणेन की प्रवासाचं भाडं फळ खात नाही, तू भरतोस.

झालं. खरेदी एवढीच. आता शेगडी.

तू लिहितोस, भाज्या बिनतेलाच्या आणि जवळजवळ अळणी. हे वाचून मला वाईट वाटलं, खरंच. तब्येतीच्या नावाखाली तू भाजीला जी शिक्षा देतो आहेस त्यातली निम्मी तब्येतीच्याही कामाची नाही. गाजर, भोपळा, पालक यांच्यातली कॅरोटिनं, म्हणजे शरीर ज्यांच्यापासून अ जीवनसत्त्व बनवतं ती रंगद्रव्यं, शरीरात शोषली जायला स्निग्धांश लागतो. तेलाशिवाय उकडलेलं गाजर खातोस तेव्हा त्यातला पुष्कळ भाग तसाच पुढे जातो. आणि उकडून पाणी ओतून देतोस ना? क जीवनसत्त्व, फोलेट आणि ब गटातली इतर बरीचशी जीवनसत्त्वं पाण्यात विरघळतात. भाजीचा चोथा ताटात आणि पोषण मोरीत. कमी पाण्यात झाकून वाफव, किंवा ते पाणी डाळीत घाल.

तेलाचं दुसरं काम चवीचं. लसूण, जिरं, मिरी, मिरची यांचे सुगंध पाण्यापेक्षा तेलात कितीतरी सहज उतरतात. फोडणीत तेच तर होतं : चमचाभर तेल सुगंध शोषून घेतं आणि सगळ्या भांड्यात वाटत फिरतं. तेच जिरं उकळत्या पाण्यात टाकलं तर ते जिऱ्याचा काढा करतं. एका लहान चमच्यात, म्हणजे ५ मिलिलिटर तेलात, ४० च्या आसपास कॅलरी असतात. दोन चमच्यांनी तुझं काही बिघडत नाही. तिसऱ्या आठवड्यात मागवतोस त्या तळणीत किती चमचे असतात ते मोजलंयस का कधी?

मग मीठ. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चहाचा चमचा भरेल त्याहून थोडं कमी, ही मर्यादा खरी आहे आणि ती पाळायचीच. पण मर्यादा म्हणजे शून्य नव्हे. मीठ खारटपणा आणतंच, शिवाय कडवटपणा दाबतं. कडू कमी झालं की मागची गोडी आपोआप वर येते. १९९७ मध्ये याचा प्रयोगही प्रसिद्ध झाला आहे. कोबी आणि पालेभाज्या तुला औषधासारख्या लागतात त्याचं कारण बहुधा हेच. शिजतानाच बेताचं मीठ घाल, म्हणजे आत मुरतं. वरून भुरभुरवलेलं मीठ जिभेला आधी लागतं आणि भाजी आत अळणीच राहते, मग हात पुन्हा बरणीकडे जातो.

आता सगळ्यात मोठी गोष्ट, जिला एक पैसा जादा पडत नाही : तांबूस रंग. उकडलेला कांदा आणि परतून तांबूस केलेला कांदा एकाच पोत्यातले असतात, तरी जिभेला ते नात्यातलेही वाटत नाहीत. अन्नातली साखर आणि अमिनो आम्लं तापली की एकमेकांत मिसळून शेकडो नवे वास आणि चवी तयार होतात. लुई-कामीय माइयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून ही क्रिया त्याच्या नावाने ओळखली जाते. मेख अशी, की ही क्रिया झपाट्याने व्हायला साधारण १४० अंशांची उष्णता लागते, आणि उघड्या भांड्यातलं पाणी १०० अंशांच्या वर जात नाही. भांड्यात पाणी आहे तोवर भाजी तांबूस होणार नाही, कितीही आच वाढव. म्हणून कापलेली भाजी निथळून कोरडी कर. कढई आधी तापव. एका वेळी एकच थर घाल, ढीग घातलास की आपल्याच वाफेत उकडून निघेल. आणि मग हात आवर. दर दहा सेकंदांनी ढवळणाऱ्याची भाजी कधी तांबूस होत नाही. कोबीचे जाड काप असे दोन्ही बाजूंनी डागून बघ एकदा, कडा काळपट होईपर्यंत. तू ज्याला शिक्षा समजत होतास तो कोबी हाच, यावर विश्वास बसणार नाही.

(कांदा पाच मिनिटांत तांबूस होतो असं लिहिणारे लोक एक तर कांदा करत नाहीत किंवा खोटं बोलतात. मंद आचेवर नीट व्हायला निदान अर्धा तास लागतो. रोज आठनंतर तुझ्याकडे अर्धा तास नाही, हे मला कळतं. त्यावर पुढे उपाय आहे.)

आंबट राहिलं. जेवण बेचव लागलं की आपण मीठ वाढवतो, पण निम्म्या वेळा कमी पडलेली असते ती लिंबाची फोड. लिंबू, व्हिनेगर, दही, टोमॅटो, काहीही चालेल. लिंबू अगदी शेवटी, गॅस बंद केल्यावर. कडधान्यात तर आधी आंबट घालूच नकोस. आंबटपणाने सालं कडक राहतात आणि तू कुकरला दोष देत बसशील. आधी मऊ शिजू दे, मग टोमॅटो. लिंबाने आणखी एक काम साधतं : कडधान्य आणि पालेभाजीतलं लोह शरीराला सहज मिळत नाही, क जीवनसत्त्व सोबत असलं की ते जास्त शोषलं जातं. चहा-कॉफी नेमकं उलटं करतात, म्हणून जेवणानंतर तासभर तरी कप लांब ठेव.

खारट, आंबट, गोड, कडू याशिवाय एक पाचवी चव आहे. १९०८ मध्ये किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने समुद्री शेवाळाच्या रश्श्यातून ती वेगळी काढली आणि तिला उमामी म्हटलं. तुला शेवाळ शोधत फिरायची गरज नाही. पिकलेला टोमॅटो, मशरूम, मुरलेलं चीज, सोया सॉस यांत ती असते. बाहेरच्या खाण्यात आणि नूडल्सच्या मसाल्यात तुला जी ओढ लागते तिच्यात मिठाबरोबर हिचाही मोठा वाटा आहे. टोमॅटो तेलात परतून परतून गडद होऊ दे, तीच ओढ घरच्या डाळीला लागेल.

आणि दाताखाली काहीतरी कुरकुरीत येऊ दे. मऊ डाळ, मऊ भाजी, मऊ भात असं सगळंच मऊ असलं की तोंडाला काम उरत नाही. मूठभर भाजलेले शेंगदाणे, कच्चा कांदा, कच्च्या कोबीचा कीस, एवढं पुरतं.

आता ते सात डबे. आपली जीभ एकच चव खाता खाता त्या चवीला विटते. पोट भरलेलं असतानाही वेगळं काही समोर आलं तर खावंसं वाटतं ते त्यामुळेच. म्हणून सात दिवसांचं जेवण रांधून ठेवणं आपल्यासारख्यांना मानवत नाही. जेवण रांधू नकोस, सामग्री तयार ठेव. रविवारी दोन-अडीच तास दे. २०० ग्रॅम कोरडं कडधान्य रात्री भिजवून सकाळी नुसतं मिठात शिजव; शिजून ते अर्धा किलोच्या आसपास भरेल. मसाला काही नाही. किलोभर कांदा एकदाच मंद आचेवर तांबूस कर. त्यात पाणीच फार असतं, आटून एका वाडग्यात मावेल एवढा होतो. वेळ खातो तो हाच, पण आठवड्यातून एकदा. एखादं धान्य शिजवून ठेव. शेंगदाणे भाज. लसूण, मिरची, लिंबू, मीठ, थोडं तेल घालून एक आंबट-तिखट वाटण बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेव, आठवड्यात संपेल एवढंच.

मग आठ वाजता दार उघडल्यावर तुला रांधायचं नसतं, जुळवायचं असतं. सोमवारी हरभऱ्यात दोन चमचे तांबूस कांदा, टोमॅटो, पालक; वरून लिंबू. मंगळवारी तेच हरभरे ठेचून अंड्यात कालवून कढईत थापायचे, कडा कुरकुरीत होऊ द्यायच्या, सोबत कच्च्या कोबीवर ते वाटण. बुधवारी उरलेले हरभरे, शिजवलेलं धान्य, डागलेला कोबी, गाजर आणि शेंगदाणे मोठ्या आचेवर परतून वर सोया सॉस. कडधान्य एकच होतं आणि जीभ तीन वेगळ्या गावांना जाऊन आली. गुरुवारी सामान संपलेलं असेल, तेव्हा मसूर लाव. तो न भिजवता अर्ध्या तासात उघड्या भांड्यात शिजतो. कडधान्यांतला इतका समजूतदार गडी दुसरा नाही.

शिजवलेलं अन्न फ्रीजमध्ये तीन-चार दिवस, त्यापुढे नाही. तुझे गुरुवारचे डबे फेकलेस ते तसं बरोबरच केलंस. भाताची विशेष काळजी घे : त्यात एका जिवाणूचे बीजाणू शिजूनही टिकून राहतात, भात बाहेर कोमट पडून राहिला की वाढून विष तयार करतात, आणि पुन्हा गरम केल्याने ते विष जात नाही. पसरट ताटलीत गार कर आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेव. राजमा असेल तर भिजवलेलं पाणी ओतून दे आणि ताज्या पाण्यात निदान १० मिनिटं खळखळून उकळ, किंवा कुकरच लाव. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात कच्चा राजमा कधीही टाकू नकोस. त्यातलं एक द्रव्य पोटाला भलतंच भोवतं.

तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्याबद्दल स्वतःला फार कोसू नकोस. २०१९ मध्ये अमेरिकेत २० जणांना एका संस्थेत ठेवून दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं अन्न आणि दोन आठवडे साध्या वस्तूंपासून रांधलेलं अन्न दिलं. दोन्ही वेळा समोर मांडलेल्या जेवणातल्या कॅलरी, साखर, मीठ, तंतू जुळवलेले होते. हवं तेवढं खा, अशी मुभा होती. तयार अन्नाच्या दिवसांत ते रोज ५०० च्या आसपास कॅलरी जास्त खाऊन गेले आणि जेवलेही भराभर. तेव्हा एका पाकिटावर तुझं भागत नसेल तर त्यात तुझ्या हावरटपणापेक्षा पाकिटाची करामत जास्त आहे. नूडल्स बंद कर असं मी म्हणणार नाही, कारण तू ऐकणार नाहीस. मसाल्याची पुडी निम्मीच घाल, त्यात मूठभर कोबी, गोठवलेले मटार आणि एक अंडं फोड. चौथ्या आठवड्यातलं ते बऱ्यापैकी जेवण होतं.

तू अंडी, दूध, मासे, मांस यांतलं काहीच खात नसशील तर एक गोष्ट ध्यानात ठेव : ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. ते घातलेले पदार्थ किंवा डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी लागते. डाळींनी कितीही जोर लावला तरी तेवढं एक त्यांना जमत नाही.

आणि एक कडू गोष्ट, मीठ न घालता. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२० च्या अहवालात मांडलं होतं की जगात ३०० कोटींहून अधिक लोकांना सकस आहार परवडत नाही. नुसत्या पिठूळ अन्नावर पोट भरण्याच्या सरासरी पाचपट तो महाग पडतो, असंही त्यात होतं. त्या माणसांना डागलेल्या कोबीच्या युक्त्या सांगणं उद्धटपणा होईल. उद्या तुझीही ओढाताण इतकी झाली की कडधान्यच परवडेना, तर ती रांधण्याची चूक नसेल, आणि तेव्हा मला पत्र लिहिण्याआधी कुणाकडे तरी हक्काने जेवायला जा. पण आज तुझा पहिला आठवडा पाहता तसं वाटत नाही. पहिल्या आठवड्यातले पैसे चारांत वाटून टाकलेस की आठवड्याला सहा अंडी, दही, लिंबं आणि थोडं चीज यांची सोय होऊन जाईल.

या रविवारी सगळं एकदम करायला जाऊ नकोस. फक्त कडधान्य आणि कांदा. बाकीचं पुढच्या रविवारी. प्रोटीन पावडरचा डबा उघडलेला असेल तर फेकू नकोस, पैसे गेलेच आहेत. सकाळी दुधात घालून संपव आणि दुसरा आणू नकोस. आणि त्या बियांची पाकिटं कोरड्या कढईत भाजून बरणीत भर. बुधवारच्या कोबीवर छान लागतील.

– ताई